इतिहास मंडळात नव्यानं आलात? कामाला अशी सुरुवात करा

तालुक्याच्या गावातलं इतिहास मंडळ म्हणजे बहुतेक ठिकाणी वाचनालयाच्या मागची एक खोली, दोन लोखंडी कपाटं आणि रविवारी सकाळी जमणारी दहा-पंधरा माणसं. निवृत्त शिक्षक, एखादा वकील, किल्ले फिरणारी दोन मुलं, मोडी वाचणाऱ्या एक काकू. नवा माणूस येतो तो बहुधा गडकोटांच्या ओढीनं, नाहीतर आपल्या घराण्याचं मूळ शोधत. दोन्ही कारणं चांगली आहेत. पण मंडळाचं रोजचं काम वेगळं असतं आणि ते शिकावं लागतं. ते कसं चालतं हे वाई-साताऱ्याकडची उदाहरणं घेऊन सांगतो. तुमच्या गावाला थोडंफार बदलून लागू पडेल.

आधी एवढं लक्षात घ्या की हे काम आडगावात बसून करण्याचं नाही असा समज चुकीचा आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली काढला तो वाईतून. १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पार पानिपतापर्यंतची पत्रं त्यात आहेत. हे कागद कुठल्या सरकारी तिजोरीत नव्हते, लोकांच्या घरी होते. पुढे १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. १९२६ च्या अखेरीस राजवाडे धुळ्यात वारले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यातच उभं राहिलं. गावोगावी दप्तरं, म्हणजे जुन्या कागदांची गाठोडी, धुंडाळण्याची ही रीत आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षं जुनी आहे आणि तुम्ही तिच्यातच पाऊल टाकताय.

नोंदवहीपासून सुरू करा

मंडळात गेल्यावर कपाटातली नाणी आणि तलवारी बघाव्याशा वाटतील. त्याआधी दाखल नोंदवही मागून घ्या आणि ती पहिल्या पानापासून वाचा. मंडळाचा खरा जीव त्या वहीत असतो. कागद, वस्तू किंवा जुना फोटो आला की त्याला एक क्रमांक मिळतो. त्याच्यापुढे तारीख, कोणी दिला, त्यांच्याकडे तो कसा आला, कुठल्या घरात किंवा शेतात होता, सोबत आणखी काय होतं आणि दिला तो कायमचा की फक्त नक्कल करायला, हे सगळं लिहायचं असतं.

शेवटचे तीन रकाने लोक आळसानं मोकळे सोडतात आणि नुकसान तिथेच होतं. तांब्याची शिवराई हे जुनं नाणं बाजारात हवं तितकं मिळतं. पण तीच शिवराई अमुक वाड्याच्या जोत्यात, अमुक वाटणीपत्राच्या गाठोड्यात सापडली असं कळलं, तर ती त्या घराबद्दल काहीतरी सांगते. माहितीविना आलेली वस्तू शोभेची राहते. म्हणून आमच्याकडे नव्या माणसाला पहिलं काम दिलं जातं ते मोकळे रकाने भरण्याचं: देणाऱ्याच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, विचारायचं आणि लिहून आणायचं. यात गावही कळतं आणि माणसंही.

प्रत्येक देणगीची पावती द्या. पावतीवर दोन्हीकडच्या सह्या हव्यात. पुढच्या पिढीत भाऊबंद भांडायला उठले तर तोच कागद मंडळाला वाचवतो.

गाव पायी फिरा

आपण रोज ज्या रस्त्यानं जातो तिथल्या गोष्टी दिसेनाशा होतात. त्यामुळे वही घेऊन, एकेक आळी धरून मुद्दाम फिरावं लागतं. वेस, पार, बारव (पायऱ्यांची विहीर), जुन्या शाळेची कोनशिला, घाटाच्या पायरीवरची अक्षरं, दर्ग्याच्या चौकटीवरचा फारसी लेख, मैलाचा दगड. काही गावांत चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून किती माणसं गेली आणि किती परत आली नाहीत, एवढंच तिच्यावर लिहिलेलं असतं. चुन्याचे थर बसून ती पाटी भिंतीत मिसळून जाते. तिची नोंद झाली की त्या माणसांची नावं शोधायचं नवं काम मंडळाला मिळतं.

मारुतीच्या देवळाभोवती उभे किंवा आडवे पडलेले दगड हटकून बघा. त्यातले पुष्कळसे वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांचे स्मृतिदगड असतात. वीरगळ खालून वर वाचायचा. तळच्या चौकटीत लढाई आणि मरून पडलेला वीर, त्याच्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. तळच्या चौकटीत गाई कोरल्या असतील तर गोधन सोडवताना मेलेल्याचा तो दगड आहे. काटकोनात दुमडलेला हात आणि बांगड्या दिसल्या तर सतीशिळा. गाढव आणि स्त्रीचं शिल्प असेल तर गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला घातलेली शिवी. त्यावर बऱ्याचदा लेख असतो, तेव्हा तिथे जास्त वेळ थांबा.

लेखाचा फोटो भर दुपारी काढला तर अक्षरं दिसत नाहीत. संध्याकाळी जा, आणि टॉर्च दगडासमोर न धरता कडेनं, दगडाला जवळजवळ चिकटवून धरा. उजेड आडवा पडला की झिजलेल्या अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि डोळ्यांना अजिबात न दिसलेली ओळ एकदम वर येते. एक फोटो डावीकडून उजेड टाकून, एक उजवीकडून, एक वरून. कडेला मोजपट्टी ठेवा. शिवाय एक फोटो लांबून घ्या, म्हणजे दगड कुठे उभा आहे ते कळेल. मोबाइलवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश मिळतात, तेही लिहा, कारण रस्ता रुंद करताना हे दगड हलवले जातात.

खडू फिरवायचा नाही, रंग भरायचा नाही, तारेच्या ब्रशनं घासायचं नाही. मऊ कोरडा ब्रश आणि लागलंच तर साधं पाणी, बस्स. शेंदूर असेल तर तो खरवडू नका. तो दगड कोणाचा तरी देव आहे. पुजाऱ्यांना आणि आळीतल्या मंडळींना विचारा, नाही म्हणाले तर नाही. संरक्षित स्मारकावरच्या लेखाचा कागदावर ठसा घ्यायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, मग ते स्मारक केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखालचं असो की राज्याच्या १९६० च्या.

घरातलं दप्तर बघायला जाताना

जुन्या घरात कागद असतात ते माळ्यावर, देवघराच्या कोनाड्यात किंवा पत्र्याच्या ट्रंकेत, रुमालात बांधलेले. मालकाला दोन भीती असतात: हे लोक कागद घेऊन जातील, आणि यातून जमिनीची काही भानगड निघेल. दोन्ही रास्त आहेत. म्हणून पहिल्या भेटीत कागद मागायचेच नाहीत. ओळखीच्या माणसाला सोबत न्या, घराबद्दल बोला. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत तेच म्हणतात, "अहो, वर एक गाठोडं आहे आजोबांचं."

गाठोडं त्यांच्या घरीच, त्यांच्या डोळ्यांदेखत उघडा आणि तिथेच फोटो काढा. सोडण्याआधी बांधलेल्या अवस्थेतला एक फोटो घ्या. कागद ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं पेन्सिलीनं हलका आकडा घालत चला. विषयवार ढीग करायचा मोह होईल, तो आवरा. दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनानं कुठला कागद कशाशेजारी बांधला हीसुद्धा माहिती आहे. एकदा ती विस्कटली की पुन्हा मिळत नाही.

कागदाला पाणी लागू देऊ नका. जुनी शाई काजळीची असते, ओल लागली तर पसरते. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावणं आणि कागद लॅमिनेट करणं, या दोन गोष्टींनी जितके कागद वाया गेले तितके वाळवीनंही गेले नसतील असं माझं स्पष्ट मत आहे. रबर लावू नका, टाचणी असेल तर हळूच काढा. धुतलेला सुती रुमाल आणि वेखंडाची पुरचुंडी ही जुनी पद्धत आजही चांगली आहे. पावसाळ्यात गाठोडी सोडत बसू नका. हे काम हिवाळ्याचं आणि उन्हाळ्याचं.

गावाचे कागद गावाबाहेर कुठे गेलेत याचीही एक वेगळी यादी ठेवा. वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यातलं नाना फडणवीसांचं दप्तर इतिहाससंग्राहक द. ब. पारसनिसांच्या संग्रहात गेलं आणि त्या संग्रहाबरोबर शेवटी पुण्याला डेक्कन कॉलेजात पोचलं. हे माहीत नसलेला माणूस मेणवलीत कागद शोधत फिरेल. तुमच्या गावच्या इनामदारांचे, देवस्थानांचे, जुन्या छापखान्यांचे कागद असेच कुठे कुठे असतील.

मोडी: सुरुवात मायन्यापासून

छापायला बाळबोध, म्हणजे देवनागरी लिपी आली, विसाव्या शतकाच्या मध्याला शाळांतूनही मोडी गेली, आणि आपल्याच आजोबांचं पत्र आपल्याला वाचता येईना. मोडी अवघड नाही, रोज अर्धा तास दिला तर काही महिन्यांत वाचता येऊ लागते. अडचण अक्षरांपेक्षा लेखनपद्धतीची असते. आधी ओळभर शिरोरेघ मारलेली, तिच्याखाली शब्द न तोडता सलग लिहिलेलं, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कुठे संपतो हे आपण ठरवायचं.

म्हणून अक्षरओळख झाली की लगेच मायने, म्हणजे पत्राच्या सुरुवातीची आणि शेवटची ठरावीक वाक्यं पाठ करा. "राजश्रिया विराजित राजमान्य राजश्री" असं सुरू होणारं आणि "बहुत काय लिहिणे, लोभ असो दिजे हे विनंती" असं संपणारं पत्र शेकड्यांनी मिळतं. सुरुवात आणि शेवट डोळे मिटून ओळखता आला की त्याच हातानं लिहिलेली अक्षरं कशी दिसतात ते कळतं आणि मधला मजकूर सुटायला लागतो. त्यानंतर गावांची नावं, मग आडनावं, मग मौजे, परगणे, मुक्काम यांची संक्षिप्त रूपं. नवशिक्यानं सुरुवात आंग्लकालीन खरेदीखतांपासून करावी. पेशवाईतला कारकुनी हात देखणा आणि नियमित असतो, तो त्यानंतर. शिवकाळाकडे घाईनं जाऊ नका.

महजर हाती लागला तर तो शेवटपर्यंत बघा. गावच्या तंट्याचा निवाडा, खाली साक्षी. लिहिता येणारे सही करतात, बाकीचे आपल्या धंद्याची निशाणी काढतात. पाटलाचा नांगर असतो, न्हाव्याचा आरसा असतो. ज्यांच्या घरी कागद राहिले नाहीत, ती माणसं इथे स्वतःच्या हातानं कागदावर उतरलेली दिसतात. नक्कल करताना लोक मजकूर उतरवतात आणि निशाण्या सोडून देतात. तसं करू नका, निशाणीही काढा.

तारीख कशी लावायची

जुन्या कागदावर इंग्रजी तारीख नसते. शालिवाहन शक असेल तर त्यात ७८ मिळवा. जानेवारीपासून पुढे शकाचं वर्ष संपेपर्यंतचा, म्हणजे फाल्गुन अखेरपर्यंतचा दिवस असेल तर ७९. पानिपतची लढाई शके १६८२ च्या पौषातली. १६८२ मध्ये ७८ मिळवले तर १७६० येतं, पण दिवस जानेवारीतला म्हणून १७६१. संवत्सराचं नाव दिलेलं असेल तर ताळा पाहता येतो, कारण वर्षांची ही साठ नावं ओळीनं फिरत राहतात: शके १५९६ आनंद संवत्सर, त्याच हिशेबानं शके १६८२ विक्रम. नाव आणि आकडा जुळला नाही तर वाचन चुकलंय, किंवा कागद नंतर बनवलेला आहे.

पेशवाईच्या कागदांत बहुतेकदा शुहूर सन येतो, तोही अरबी शब्दांत. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, मिळून ११६१. एकक आधी, हजार शेवटी. हे वर्ष मृगाला सुरू होतं. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतच्या जानेवारीसाठी ११६१ अधिक ६००, पुन्हा १७६१. फसली सनही मृगाचाच, त्यात ५९० किंवा ५९१ मिळवायचे. "छ" हे अक्षर आणि पुढे आकडा आला तर ती चांद्र महिन्याची, म्हणजे मोहरम, सफर, रबिलावल यांची तारीख. अरबी अंकांचा तक्ता करून मंडळाच्या भिंतीवर लावून टाका, सगळ्यांचा वेळ वाचतो.

सरकारी कागद

यांच्याकडे थोडक्यात जातो, कारण इथे चिकाटीपलीकडे फारशी युक्ती नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकं, म्हणजे गाव नमुना १४ च्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी असतात. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचे नकाशे आणि टिपणं मिळतात. नगरपालिकेची जुनी सभावृत्तं बघायची परवानगी जरूर मागा. नळ कधी आला, कंदील कोणत्या चौकात होते, साथीत काय केलं, हे सगळं त्यात असतं. पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. जाण्याआधी परगणा आणि गावाचं जुनं नाव पक्कं करा, नाहीतर दिवस फुकट जातो. कॅम्पबेलनं संपादित केलेलं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर (साताऱ्याचा खंड १८८५ चा) पहिली ओळख म्हणून उत्तम, पण त्यातलं प्रत्येक वाक्य पुरावा समजून उचलू नका.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. संदीप शिंदे समितीचं काम सुरू झाल्यापासून त्या नोंदींसाठी मोडी वाचून घ्यायला लोक मोठ्या संख्येनं येतात. वाचून द्या, मदत करा. पण कागदात असेल तेवढंच वाचा. मंडळानं दाखले देऊ नयेत आणि वाचनाचा अर्थ कोणाच्या सोयीनं लावू नये.

माणसं बोलती करणं

माझ्या मते सगळ्यात निकडीचं काम हेच. कागद आणखी दहा वर्षं माळ्यावर पडून राहील, नव्वदीतल्या आजी राहतीलच असं नाही.

वर्ष विचारू नका. "कोणत्या साली?" म्हटलं की माणूस गप्प होतो, किंवा तुम्हाला बरं वाटावं म्हणून काहीतरी आकडा सांगतो. त्यापेक्षा गावाला ठाऊक असलेल्या घटनांना टेकून विचारा. "आजी, तुमचं लग्न झालं ते बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी का नंतर?" "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला किती होता?" म्हणजे डिसेंबर १९६७. पुण्याकडच्यांना पानशेत, जुलै १९६१. मराठवाड्यात किल्लारी, सप्टेंबर १९९३. दुष्काळाचं नाव काढलं की खडी फोडण्याची कामं, सुकडी, लाल मिलो हे सगळं आपोआप निघतं आणि त्याबरोबर बाकीचंही.

रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी विचारा, आणि संमती रेकॉर्डिंगमध्येच घ्या. पंखा आणि टीव्ही बंद करायला सांगायला लाजू नका. घरातला मुलगा मध्ये बोलून उत्तरं सुधारत असेल तर त्याला नम्रपणे सांगा, "दादा, तुमचं आपण नंतर वेगळं घेऊ." बायका पुरुषांसमोर बोलत नाहीत, म्हणून मंडळातल्या बायकांनी जायला हवं. जात्यावरच्या ओव्या विचारा. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांबरोबर खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. तुमच्या गावातल्या बाईला येणारी ओवी त्यात असेलच असं नाही.

फक्त वाड्यांमध्ये जाऊ नका. मंडळांचा हा जुना दोष आहे. कागद ज्यांच्याकडे होते त्यांचाच इतिहास गावाचा इतिहास म्हणून छापला गेला. वस्तीवर जा, धरणग्रस्तांच्या नव्या गावठाणात जा, गिरणीत कामाला मुंबईला गेलेल्यांच्या घरी जा. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत हेळवी घरोघर येऊन वंशावळ सांगतात, त्यांना बसवून घ्या. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीसारखा विषय निघाला तर ऐका, जपून ठेवा, पण दोन्ही बाजूंची माणसं हयात असताना ते लगेच छापायला धावू नका.

कायद्याचं एवढं तरी माहीत हवं

जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शेतकरी नाण्यांचं मडकं घेऊन मंडळात आला तर ते ठेवून घेऊ नका, त्याच्यासोबत तहसीलला जा. शंभर वर्षांवरची शिल्पं आणि वस्तू, तसंच पंचाहत्तर वर्षांवरची महत्त्वाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. मंडळानं खरेदी-विक्रीत पडूच नये. संस्था म्हणून नोंदणी करायची तर किमान सात सभासद, १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज वेळेवर द्या. चांगली चाललेली मंडळं या एका कागदापायी अडकून पडतात.

लिहिताना

शिवाजी महाराज इथे मुक्कामाला होते, भुयार थेट किल्ल्यापर्यंत जातं, देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं: प्रत्येक गावात हे ऐकायला मिळतं. याची टिंगल करू नका आणि ते इतिहास म्हणून छापूही नका. कोणी सांगितलं, कधी सांगितलं ते लिहा आणि "आख्यायिका" म्हणून वेगळ्या वहीत ठेवा. वाईत अफझलखानाचा तळ १६५९ साली पडला होता याला साधनं आहेत. त्या तळाच्या नेमक्या जागेबद्दल एखादी आळी जे सांगते ते वेगळ्या खात्यात जातं. दोन्ही खाती शेजारी शेजारी असली तरी एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत.

पहिला लेख लहान विषयावर लिहा. एक बारव, एक कोनशिला, एक पत्र. सापडलेल्या कागदाची पूर्ण नक्कल द्या, लागलं नाही तिथे टिंबं द्या आणि अंदाज कंसात ठेवा. गावातल्या कोणाचा मान वाढेल की कमी होईल याचा विचार करून वाचन बदललं, तर त्या दिवसापासून मंडळाच्या शब्दाला किंमत राहत नाही.

वाडा पाडायला काढला तर

हे अचानक येतं. वाटण्या होतात, बिल्डरशी करार होतो आणि सोमवारी जेसीबी लागणार असं शनिवारी कळतं. म्हणून मंडळात एक पिशवी कायम भरून ठेवा: हातमोजे, मास्क, टॉर्च, मोजपट्टी, सुती कापडाचे तुकडे, पेन्सिली, चार्ज केलेली पॉवर बँक, कोऱ्या पावत्या. मालकाच्या परवानगीनं आधी रिकाम्या घराचे फोटो काढा, खोलीमागून खोली, दारातून चारी भिंती. तुळईवरचं कोरीवकाम, कोनाडे, बळद (भिंतीतली धान्याची कोठी), भिंतीवरची चित्रं. मग जोत्याचा हातानं काढलेला नकाशा, पावलांनी मोजला तरी चालेल. कागद असतील ते माळ्यावर आणि बळदात बघा. देवघराची फळी उचलून खालीही बघा.

आणि गावातल्या भंगारवाल्यांशी, रद्दीवाल्यांशी ओळख ठेवा. घर मोकळं करताना कागद सगळ्यात आधी त्यांच्याकडे जातात. मंडळाचा नंबर त्यांच्या दुकानात ठळक लिहून द्या. हातानं लिहिलेलं काही आलं तर बाजूला ठेवायला सांगा. फोन आला की त्याच दिवशी जा आणि वजनाचे जे होतील त्याहून थोडे जास्त पैसे रोख द्या. निघण्याआधी गाठोडं कोणत्या घरातून आलं ते विचारून तिथेच वहीत लिहा.